पहिली कादंबरी सीमाभागातल्या वाचकांपर्यंत कशी न्यायची

बेळगावकडच्या कुणाचीही पहिली कादंबरी छापून आली की दोन प्रश्न हमखास येतात. पुण्यात प्रकाशन कधी? आणि सीमाप्रश्नावर आहे काय? विचारणारे प्रेमानेच विचारतात. पण पहिल्या पुस्तकाचं काम सुरू होतं ते आपल्या आसपासच्या साठ-सत्तर किलोमीटरांत. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर आणि पलीकडे चंदगड, गडहिंग्लज. या पट्ट्यात मराठी वाचणारा माणूस आहे आणि त्याच्यापर्यंत जायच्या वाटाही आहेत: वाचनालयं, गावोगावची साहित्य संमेलनं, मराठी शाळांचे शिक्षक, महिला मंडळं. पुण्याच्या एका सभागृहातल्या संध्याकाळीपेक्षा या वाटांनी माझी कादंबरी कितीतरी जास्त घरांत गेली. म्हणून हा लेख, नुकतं पहिलं पुस्तक हातात आलेल्यांसाठी आणि येऊ घातलेल्यांसाठीही.

छपाईआधीच ठरवून घ्यायच्या गोष्टी

प्रकाशकाबरोबरच्या करारात मानधनाची टक्केवारी सगळे बघतात. त्याखालच्या तीन ओळी जास्त महत्त्वाच्या आहेत. लेखकाला मोफत प्रती किती, त्याहून जास्त लागल्या तर किती सवलतीत, आणि परीक्षणासाठी प्रती कोण पाठवणार. तिसरी ओळ आपल्याकडच्या लेखकाने तोंडी सोडू नये. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाच्या यादीत बेळगावची दैनिकं असतीलच असं नाही. तुम्ही यादी लिहून द्या, पत्त्यांसह, आणि टपालखर्च कोणाचा हेही लिहून घ्या.

स्वतःच छापत असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मिळतो. अर्ज ऑनलाइन करायचा, शुल्क नाही. कुणी मध्यस्थ यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका. क्रमांक हातात आल्याशिवाय मुखपृष्ठ छपाईला सोडू नका, कारण नंतर चिकटवलेला क्रमांक वाचनालयाच्या खरेदीत खटकतो.

मलपृष्ठावरच्या मजकुराला वेळ द्या. आपल्याकडे पुस्तक उचललं की माणूस आधी ते उलटं करतो. तिथे मोठ्या लेखकाने केलेल्या कौतुकाच्या चार ओळींपेक्षा गोष्ट कुठल्या गावात घडते, कोणाची आहे आणि काय बिनसलं आहे, हे तीन वाक्यांत सांगितलेलं चांगलं. ऊसतोडणीच्या हंगामातली गोष्ट असेल तर तसं स्पष्ट लिहा. तंबाखूच्या वखारीतली असेल तर निपाणीचा वाचक तेवढ्यावरच पुस्तक घेतो.

तारीख निवडताना

सीमाभागात पुस्तकाची तारीख पंचांगापेक्षा शेतीने ठरते. जून-जुलैत बेळगाव-खानापूरकडे भाताची पेरणी आणि रोपलावण, पुढेही पाऊस. सुगी संपेपर्यंत गावाकडचा माणूस सभागृहात येणार नाही, आणि यावं अशी अपेक्षाही करू नये. सुगी उरकली की नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत साहित्याचा हंगाम असतो. संमेलनं, व्याख्यानमाला, वाचनालयांचे कार्यक्रम याच काळात होतात.

काही दिवस मात्र टाळा. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला आणि १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाला इथल्या मराठी माणसाचं मन दुसरीकडे असतं, पोलीस बंदोबस्त असतो आणि वर्तमानपत्राची पानं त्यानेच भरलेली असतात. बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बहुधा डिसेंबरात भरतं. त्या दिवसांत शहरातल्या लॉज भरतात, मोर्चांमुळे रस्ते अडतात आणि एकही बातमीदार मोकळा नसतो. मार्च लागला की परीक्षा, आणि शिक्षक-वाचक हातचे जातात.

आणखी एक हिशोब. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. पुस्तकं कॅलेंडर वर्षाप्रमाणे मागवतात आणि प्रवेशिका साधारण जानेवारीत घेतात. डिसेंबरअखेर छापलेल्या पुस्तकाला त्यासाठी जेमतेम काही आठवडे मिळतात, जानेवारीत छापलेल्याला जवळपास वर्ष. त्या वर्षीची जाहिरात आणि अटी नीट वाचून घ्या. पस्तिशीच्या आतले असाल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही लक्षात ठेवा. वय पुरस्काराच्या वर्षातल्या १ जानेवारीला मोजतात.

प्रकाशनाआधीचे वाचक

पुस्तक हातात आलं की समारंभाआधी दोन-तीन आठवडे थांबा आणि काही प्रती निवडक माणसांना वाचायला द्या. प्रतिष्ठितांना नव्हे, वाचणाऱ्यांना. एखादे निवृत्त गुरुजी, वाचनालयात रोज संध्याकाळी येणारे काका, बँकेतल्या मॅडम, कॉलेजात मराठी विषय घेतलेली मुलगी. त्यांना एकच विनंती करा: वाचून झालं की चार ओळी वॉट्सॲपवर लिहा, चांगलं-वाईट काहीही. प्रकाशनाच्या दिवशी पुस्तक खरोखर वाचलेली दहा माणसं सभागृहात असली तर समारंभानंतरच्या चहाची गोडी वेगळी असते. तिथे सत्काराच्या गप्पा होत नाहीत, पुस्तकावरच बोलणं होतं, आणि स्टॉलजवळ उभा असलेला माणूस ते ऐकून प्रत घेतो.

प्रकाशन समारंभ

सभागृह लहान घ्या. दोनशे खुर्च्यांत साठ माणसं विखुरलेली दिसतात, ऐंशी खुर्च्यांत तीच साठ माणसं भरलेली वाटतात. वेळ रविवारी दुपारी चारच्या सुमाराची ठेवा. खानापूर, येळ्ळूर, कडोलीहून आलेल्यांना परतीची बस गाठायची असते आणि अध्यक्षीय भाषण सुरू असतानाच मागच्या रांगा रिकाम्या होऊ लागतात.

पाहुणे महाराष्ट्रातून बोलावणार असाल तर एक तयारी जास्त लागते. सभागृहाच्या व्यवस्थापनाला कार्यक्रमाचं स्वरूप लेखी द्या आणि पोलीस ठाण्यात आधी माहिती द्या. पुस्तक प्रकाशनाला सहसा अडचण येत नाही, पण वातावरण तापलेलं असेल तर सीमेवर वाहनं अडतात, बससेवा थांबते. अशा वेळी कार्यक्रम उभा राहावा म्हणून एक वक्ता बेळगावातलाच ठेवा. तो भरतीचा नको, पुस्तक मनापासून वाचलेला हवा.

बॅनर कापडी करा. कर्नाटकात प्लॅस्टिक फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे. रस्त्यावर लावायचा असेल तर महानगरपालिकेची परवानगी घ्या आणि मजकूर कन्नडमध्येही द्या. दुकानं आणि आस्थापनांच्या फलकांवर साठ टक्के कन्नडचा नियम २०२४ मध्ये कायद्यात आला, तेव्हापासून फलकांकडे लोकांचं लक्ष जास्त आहे. मला कन्नड ओळ लिहायला कधी कमीपणा वाटला नाही. आमच्या गल्लीत अर्धी घरं कन्नड बोलतात, त्यांनाही कळू दे की शेजारणीचं पुस्तक आलंय.

कार्यक्रमात भाषणं कमी करा. स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय, आभार हा क्रम पूर्ण पाळला तर पुस्तकाला दहा मिनिटंही उरत नाहीत. त्याऐवजी कादंबरीतला एखादा प्रसंग वाचा, बारा-पंधरा मिनिटांत संपणारा, आणि मग वाचलेल्या एका माणसाला तुमची मुलाखत घेऊ दे. वाचनाचा सराव घरी मोठ्याने करा. संवाद आपल्या बेळगावी बोलीत असतील तर लाजू नका, ते तसेच म्हणा. "काय करूलास?" हे ऐकून सभागृहात जी खसखस पिकते तिच्यातून लोक पुस्तकाच्या जवळ येतात.

शाल-श्रीफळ आणि पुष्पगुच्छांचा खर्च टाळून पाहुण्यांना दुसऱ्या नव्या लेखकाचं पुस्तक द्या. मंचावर फुकट प्रती वाटू नका. विक्रीचं टेबल दाराजवळ ठेवा, त्यावर बसायला तुमचा भाऊ किंवा मैत्रीण असू द्या, तुम्ही स्वतः नको. सुटे पैसे, क्यूआर कोड, पावतीपुस्तक आणि सहीसाठी चांगलं पेन. घेणाऱ्याचं नाव, गाव आणि फोन एका वहीत लिहून घ्या. ही वही पुढे फार कामाला येते.

वर्तमानपत्रं

बेळगावात आजही मराठी पुस्तकाची बातमी वर्तमानपत्रातूनच घरोघरी जाते. १९१९ पासून चाललेला तरुण भारत आहे, पुढारी आणि सकाळच्या इथल्या आवृत्त्या आहेत. निमंत्रणाची बातमी, कार्यक्रमाचा वृत्तांत आणि पुस्तकाचं परीक्षण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींसाठी वेगळी माणसं भेटावी लागतात. कार्यक्रमाचा वृत्तांत तुम्हीच लिहून त्याच संध्याकाळी पाठवा, दीडशे-दोनशे शब्दांत, फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून क्रमाने देऊन. एखाद्या कार्यालयात अजून युनिकोडऐवजी श्रीलिपी या जुन्या टंकात मजकूर लागतो, आधी विचारून घ्या.

परीक्षणासाठी दोन प्रती द्यायची पद्धत आहे. सोबत एक पानाचं पत्र द्या. पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत, तुमचा फोन आणि कथेबद्दल पाच ओळी. साधारण तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे विचारा, रोज फोन करू नका. पुष्कळदा फक्त "साभार पोच"मध्ये, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या यादीत, नाव येतं. तेही कापून ठेवा, वाचनालयाचे लोक खरेदीची यादी करताना हे सदर बघतात. स्वतः परीक्षण लिहून मित्राच्या नावाने देण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आपलं वाचकवर्तुळ लहान आहे, लेखणी ओळखू येते.

वाचनालय आणि गावची संमेलनं

आपल्या भागाची खरी ताकद इथे आहे आणि नवा लेखक नेमका तिकडे उशिरा पोचतो.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. बॅ. नाथ पै यांच्या नावाची व्याख्यानमाला तेच चालवतं. शहापूरचं सरस्वती वाचनालय आहे, वाङ्मय चर्चा मंडळ आहे, आणि तालुक्यातल्या मोठ्या गावांत लोकवर्गणीवर चालणारी छोटी वाचनालयं आहेत. प्रत्येक ठिकाणी स्वतः जा, सकाळी वर्तमानपत्रं वाचायला गर्दी असते तेव्हा नको, दुपारी जा. एक प्रत भेट द्या आणि ग्रंथपालांना पुस्तक कशाबद्दल आहे ते तोंडी सांगा. "ठेवून जा की, बघतो," असं उत्तर येईल. महिन्याने परत जा आणि पुस्तक किती जणांनी नेलं ते विचारा. चार-पाच जणांनी नेलं असेल तर दुसरी प्रत खरेदी करायची विनंती करायला तुम्हाला तोंड आहे. नेलं नसेल तर ग्रंथपालांनाच विचारा, वाचक काय मागतात. मला त्यांच्याकडून माझ्या वाचकाबद्दल जे कळलं ते दुसरीकडे कुठे कळलं नसतं. वाचनालयात कादंबरी सर्वांत जास्त नेतात त्या गृहिणी, आणि त्या जाड पुस्तकाला घाबरत नाहीत, बारीक टाइपाला घाबरतात.

गावच्या संमेलनांची परंपरा हा सीमाभागाचा अभिमान आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी, निपाणीकडचं कारदगा, खानापूर तालुक्यातलं माचीगड. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, परिसंवाद, जेवण, कथाकथन, कविसंमेलन. मांडवात बसलेल्या माणसांत डोक्याला टॉवेल गुंडाळलेले शेतकरी असतात, कडेवर मूल घेतलेल्या बायका असतात, शाळेची मुलं असतात. शहरातल्या कुठल्याही साहित्यिक कार्यक्रमाला असा श्रोता मिळत नाही.

संयोजकांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भेटा, कारण निमंत्रणपत्रिका छापून झाली की बदल होत नाही. तीन गोष्टी मागता येतात. पहिली, ग्रंथविक्रीच्या दालनात एक टेबल. दुसरी, कथाकथनाच्या सत्रात पंधरा मिनिटं. तिसरी, संमेलनाच्या मंचावर पुस्तकाचं प्रकाशन. तिसरी मागू नका, असं माझं ठाम मत आहे. उद्घाटनाच्या घाईत चार-पाच पुस्तकं एकत्र उघडली जातात, फोटो निघतो आणि कोणतं कुणाचं ते मांडवातल्या एकालाही कळत नाही. दुसरी मागणी लावून धरा. मात्र कादंबरीतलं कुठलंही पान उचलून कथाकथन होत नाही. स्वतःचा आरंभ आणि शेवट असलेला एक प्रसंग निवडा, पात्रं तीनच्या वर नकोत, वर्णनं कापा, आणि पाठ करा. कागद बघून वाचलं की मांडवातलं लक्ष उडतं. प्रसंग अशा जागी थांबवा की पुढे काय झालं हे कळायला पुस्तकच घ्यावं लागेल, आणि ते टेबल कुठल्या बाजूला आहे हे सूत्रसंचालकाला सांगायला लावा.

टेबलावर फक्त आपलंच पुस्तक मांडू नका. सीमाभागातल्या इतर तीन-चार लेखकांची पुस्तकंही ठेवा. एकट्या पुस्तकासमोर माणूस थांबायला संकोचतो, पाच-सहा पुस्तकं असली की चाळायला उभा राहतो. शिवाय पुढच्या संमेलनात तुमचं पुस्तक त्यांच्या टेबलावर जातं.

महिला मंडळं, शाळा, कॉलेज

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात. वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा देण्याऐवजी पुस्तक द्यायची कल्पना एका मंडळाला पटली तरी एकदम वीस-पंचवीस प्रती जातात. त्यांना थेट खरेदीच्या दरात द्या, नफा बघू नका, आणि महिन्याभराने त्याच बायकांबरोबर गप्पांना जा. माझ्या कादंबरीतल्या सासूच्या पात्रावर जितकं खोल बोलणं अशा एका ओसरीवर झालं तितकं कुठल्या परीक्षणात आलं नाही.

शाळेत मुलांना पुस्तक विकायला जाऊ नका. शिक्षकांच्या खोलीत जा. आपल्याकडच्या मराठी शाळांची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. तरीही मराठी शिकवणारे शिक्षकच आपले सर्वांत चिकाटीचे वाचक आहेत, आणि एक शिक्षक दहा जणांना पुस्तक सुचवतो. कॉलेजांतले मराठी विभाग आणि राणी चन्नम्मा विद्यापीठाचा मराठी विभाग यांना २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी वक्ता लागतोच. जानेवारीतच पत्र द्या.

आपलीच माणसं आपल्या पुस्तकात

हा भाग प्रचाराच्या पुस्तकांत नसतो, पण आपल्यासारख्या एकमेकांना ओळखणाऱ्या मुलखात तो सर्वांत आधी समोर येतो. वाचक पात्रं ओळखतात. खरी असोत नसोत, ओळखतात. "ती गोठ्यातली भांडणं आमच्या मामाच्या घरची न्हवं?" असं भर मांडवात विचारतात. उत्तर आधीच मनाशी तयार ठेवा, आणि ते खरं असू द्या. कुणाच्या आयुष्यातून काही घेतलं असेल तर त्या माणसाला पुस्तक छापण्याआधीच घरी जाऊन सांगा. प्रकाशनाच्या दिवशी त्याला ते तिसऱ्याकडून कळणं वाईट. जाहीर कार्यक्रमात मात्र कोणत्या पात्रामागे कोण आहे हे कधीही सांगू नका, कितीही आग्रह झाला तरी. त्या क्षणी टाळ्या मिळतात, पण ज्याच्यावरून लिहिलं त्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात राहायचं असतं.

सीमाप्रश्नाचंही असंच. तुमच्या गोष्टीत तो असेल तर ताठ मानेने बोला. नसेल तर विक्रीसाठी त्याचं लेबल लावू नका. एक भाऊ कारखान्यात आणि एक भाऊ शेतात अशी वाटणीची गोष्ट असेल, तर ती वाटणीची गोष्ट म्हणूनच उभी राहू द्या. हुतात्म्यांच्या मुलखात राहून एवढं पथ्य पाळायलाच हवं असं मला वाटतं.

पैशाचा हिशोब

समजा किंमत ३०० रुपये आहे आणि प्रकाशक तुम्हाला ४० टक्के सवलतीत प्रत देतो. ती १८० ला पडली. टेबलावर २५० ला विकली तर ७० रुपये हातात, त्यातून बसभाडं, चहा, पिशव्या. दुकानदाराला ३५ टक्के सूट दिलीत तर त्याच्याकडून १९५ येतात, म्हणजे तुम्हाला १५ रुपये. म्हणून दुकानांचा व्यवहार शक्यतो प्रकाशकाकडून करून घ्या, तुम्ही फक्त दुकानदाराशी ओळख ठेवा. स्वतः प्रती ठेवायच्याच असतील तर पाच ठेवा, चलनावर सही घ्या, "विक्रीनंतर हिशोब" असं लिहून घ्या आणि दोन महिन्यांनी जाऊन या. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, तो भरावा लागेल का ही भीती नको.

टपालाने पाठवताना ज्ञान पोस्ट या पुस्तकांसाठीच्या टपालसेवेची विचारणा करा. मे २०२५ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असा दर होता, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव लागतं आणि आत जाहिरातीचा कागद चालत नाही. तुमचं पुस्तक त्यात बसतं का ते खिडकीवर दाखवून विचारा, नाहीतर स्पीड पोस्ट आहेच. पुठ्ठ्याचे दोन तुकडे वरखाली लावून बांधा, पावसाळ्यात आधी प्लॅस्टिकमध्ये.

पट्ट्याबाहेर जाताना

इथे पाय रोवले की चंदगड, गडहिंग्लज, आजरा आधी. भाषा तीच, पाहुणेरावळे तेच. मग कोल्हापूर आणि गोवा. गोव्यात मराठी वाचणारे पुष्कळ आहेत आणि बेळगावशी त्यांचं रोजचं जाणं-येणं आहे, तरी आपले लेखक तिकडे क्वचित जातात. पुण्याला जायचं तेव्हा बेळगावच्या कात्रणांची फाइल आणि वाचकांच्या ओळी सोबत न्या. तिथल्या संपादकाला सांगायला तुमच्याकडे काहीतरी असतं.

कन्नड वाचकाला विसरू नका. कादंबरीचा एक पानाचा सारांश चांगल्या कन्नडमध्ये करून घ्या, जाणकाराकडून तपासून. बेळगाव-धारवाडकडे मराठी वाचू शकणारे कन्नड लेखक, अनुवादक आहेत. त्यांना प्रत द्या, अनुवादाचा विषय लगेच काढू नका. वाचून आवडलं तर ते स्वतःच काढतील, आणि त्या वेळी अनुवादाचे हक्क कराराप्रमाणे तुमच्याकडे आहेत की प्रकाशकाकडे, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

मार्चअखेर झाली की एप्रिलमध्ये प्रकाशकाकडे विक्रीचा लेखी हिशोब मागा: किती छापल्या, किती गेल्या, किती परत आल्या. तोंडी आकड्यावर थांबू नका. तो तुमच्या वहीशी ताडून बघा, गावांप्रमाणे. ज्या गावातून एकही नाव वहीत नाही, त्या गावच्या वाचनालयाला पावसाआधी जाऊन या.